बाबांचा उजवा पाय आणि आमचं कॉकपिट

आमची व्हॅन चालायची ती आईच्या तोंडावर. बाबा नुसतं स्टिअरिंग धरायचे. "अहो, हळू. अहो, समोर रिक्षा आहे. अहो, हॉर्न तरी द्या. जाऊ द्या ना त्याला पुढे, तुम्हाला काय तिथे कुणी हार घालणार आहे?" भिवंडीच्या नारपोलीतून निघालो की ठाण्याकडचा कशेळीचा पूल येईपर्यंत तिचा पट्टा चालू. बाबा मधेच एकदा म्हणायचे, "तू चालवतेस का?" त्यावर ती तेवढ्यापुरती गप्प बसायची आणि पुढच्या खड्ड्याला परत सुरू व्हायची. मी आणि माझा धाकटा भाऊ मागे बसून तोंडं दाबून हसायचो.

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि हे सगळं बंद पडलं. झटका सौम्य होता म्हणे. डॉक्टरांना सौम्य म्हणायला काय जातंय! उजवा हात आणि उजवा पाय, दोन्ही लुळे पडले होते. पण बाबा जिद्दीचे. रोज गच्चीवर फेऱ्या, रबरी चेंडू दाबणं, जिना चढ-उतर. पावसाळा संपत आला तेव्हा ते बऱ्यापैकी चालायला लागले होते. उजवा पाय थोडा मागे राहायचा, एवढंच.

बाबा मूळचे जवळच्याच राहनाळ गावचे. गावची शेती गोदामांखाली गेल्यावर त्यांनी नारपोलीत गाळा घेऊन कापड विणायचे लूम टाकले. खाली लूम, वर आमचं घर. सुताच्या गोण्या आणायला आणि कापडाचे तागे पोचवायला ती व्हॅन होती, आणि बाबा ती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. आता ती गल्लीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली उभी होती. बाबा रोज संध्याकाळी तिच्यापर्यंत चालत जायचे, ताडपत्रीचं टोक उचलून आत बघायचे आणि परत यायचे.

आजारपणात आमचं घर भलतंच गोडगोड झालं होतं. मला तर शिसारी यायला लागली होती. भाजी खारट झाली तरी बाबा "छान हाय" म्हणणार. बाबांच्या हातून चहा सांडला तरी आई "असू दे, असू दे" करत फडकं घेऊन धावणार. पूर्वी असा चहा सांडला असता तर तिने शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असा उद्धार केला असता. एकदा बाबा मला हळूच म्हणाले, "तुजी आई हल्ली माज्याशी बोलत न्हाय गो."

"बोलते की! दिवसभर तर बोलत असते."

"ते बोलना न्हाय. पेशंटशी बोलतात तसा हाय ते."

खरंच होतं ते.

गणपती गेले आणि बाबांनी जेवताना जाहीर केलं, "दसऱ्याला गाडीची पूजा जाली का मीच चालवनार. वज्रेश्वरीला जाऊन येऊ. सगलीच." आईची पोळी तव्यावरच राहिली. बाबांना नको म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती, आणि त्यात आता तर ते आजारातून उठलेले.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाय चांगलाच सुधारलाय, पण ब्रेक वेळेवर दाबला जाईल की नाही ते मी या खोलीत बसून कसं सांगू? आधी मोकळ्या जागेत चालवून बघा. मोकळी जागा! भिवंडीत! मी मनात म्हटलं, डॉक्टरसाहेब, आमच्याकडे हातगाडीला वळायला जागा नाही.

आई मला स्वयंपाकघरात गाठून म्हणायची, "तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील." मी भावाला म्हणायची, तू सांग. भाऊ म्हणायचा, "मी? पागल झालीस काय?" असं आमचं घोडं अडलं होतं.

भावाला त्या दिवसांत वेगळंच वेड लागलं होतं. तो कॉलेजात होता आणि कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा. कीबोर्डची बटणं बडवून त्याचं समाधान होईना. कुठल्याशा मासिकात त्याने परदेशातल्या एका माणसाचा फोटो बघितला होता: घरातच गाडीची सीट, स्टिअरिंग, पायाखाली पेडल आणि समोर पडदा. "असं कॉकपिट आपण बनवू या," म्हणाला. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मुलाखती देत होते. गल्लीच्या भाषेत घरी बसले होते. रिकामे हात वळवळत होतेच. मी म्हटलं, चल.

व्हॅनची मागची सीट माळ्यावर पडून होती, कारण एरवी तिथे तागे ठेवायचे. ती आम्ही खाली काढली. आता ती सीट म्हणजे चांगलं लांबलचक बाक. त्यामुळे आमचं कॉकपिट हे बहुधा जगातलं एकमेव, ज्यात शेजारी पाहुणा बसू शकत होता. भंगारवाल्याकडे स्टिअरिंग मिळालं ते टेम्पोचं, परातीएवढं. ते एका लोखंडी पाइपवर बसवून पाइप टेबलाला शिकंज्यात आवळला. सोडल्यावर स्टिअरिंग मधोमध यावं म्हणून दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या. आई येऊन बघायची आणि म्हणायची, "लग्नाच्या वयाची पोरगी आणि हे काय भंगार मांडलंय घरात!" एवढं तरी ती आम्हाला बोलायची, ते बरं वाटायचं.

कॉम्प्युटरला हे सगळं समजायचं कसं, ते माझं काम. त्या काळी कॉम्प्युटरच्या मागे जॉयस्टिक लावायची एक रुंद जागा असायची. रेडिओचा आवाज लहान-मोठा करायचं जे बटण असतं, ते वायरीने तिथे जोडलं की बटण किती फिरलं हे कॉम्प्युटर बरोबर ओळखतो. जुन्या रेडिओंची अशी तीन बटणं मी काढली. एक स्टिअरिंगच्या पाइपला, एक अ‍ॅक्सिलरेटरला, एक ब्रेकला. पेडल म्हणजे लूमच्या भंगारातल्या लोखंडी पट्ट्या, दाराच्या बिजागऱ्यांवर फळीला ठोकलेल्या, आणि मागे स्प्रिंग.

घोळ झाला तो ब्रेकचा. गेममध्ये गाडी कुणी धरून ठेवल्यासारखी रेंगाळायची. पाय न लावताच ब्रेक थोडा लागलेला असायचा. वाकून बघितलं तर पेडल आपोआप दोन बोटं खाली उतरलेलं. वर केलं की थोड्या वेळाने परत खाली. पट्टी जड आणि स्प्रिंग लेचीपेची, असं आम्ही ठरवलं. भाऊ स्प्रिंग बदलू म्हणाला, पण दुसरी कुठे शोधायची? त्यापेक्षा कॉम्प्युटरमध्ये सेटिंग होतं. आम्ही त्याला सांगून टाकलं की पेडल दोन बोटं खाली असेल तर तो ब्रेक समजू नकोस, त्याच्यापुढे दाबलं की समज. झालं काम! गाडी अशी पळाली म्हणता! भावाने आरोळी ठोकली आणि आम्ही दोघांनी त्या लांबलचक सीटवर बसून एकमेकांना टाळ्या दिल्या.

बाबा दारातून बघत होते. "ह्यो काय तमाशा?" म्हणाले. भाऊ म्हणाला, "बाबा, बसून बघा ना, अगदी खरी गाडी." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हॅन काढायच्या आधी इथे पाय बघून घ्या." मला वाटलं आता काही खरं नाही. पण बाबा नुसते म्हणाले, "बगू."

ते बसले शुक्रवारी. शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद. कारागीर सुट्टीवर, गल्ली शांत. आपण पडलो-धडपडलो तर बघायला कुणी नको, म्हणून त्यांनी मुद्दाम तो दिवस धरला असणार. दिवसा लाईट नव्हती, ती संध्याकाळी आली. बाबांनी चप्पल काढली, सीटला नमस्कार केला, खऱ्या गाडीला करायचे तसा, आणि दोन्ही हातांनी ते परातीएवढं स्टिअरिंग धरलं. सुरुवात झकास. मग पहिलं वळण आलं, समोर दगडी भिंत. बाबांनी ब्रेक दाबला आणि गाडी धाडकन भिंतीवर.

"परत लाव," म्हणाले. परत भिंत. परत लावली, परत भिंत. त्यांच्या कपाळावर घाम आला. पाय हलत होता, मला दिसत होता, पण गाडी थांबत होती ती भिंतीवर आपटूनच. भाऊ काहीतरी विनोद करायला गेला, मी त्याला कोपर मारलं. शेवटी बाबांनी स्टिअरिंग सोडलं आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत बसले. "लय मागं राहतोय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी व्हॅनची चावी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. "ह्या वर्षी नको," म्हणाले.

आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू? आईने त्या दिवशी शिरा केला. कारण विचारलं तर म्हणे, "सहज." जे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं ते एका गेमने सांगितलं, आणि बाबांनी ते आपणहून मानलं, याचा मला तर अभिमानच वाटला.

तो शिरा काही अंगी लागला नाही. बाबा खाली गाळ्यात जायचे बंद झाले. गच्चीवरच्या फेऱ्या बंद. रबरी चेंडू कपाटाखाली गेला तो कुणी काढला नाही. "बाबा, फेऱ्या?" विचारलं की म्हणायचे, "कशाला? पाय गेला तो गेला." दाढी वाढली. ताडपत्रीचं टोक उचलायला जाणंही थांबलं. आई त्यांच्याशी आणखी गोड बोलायला लागली आणि बाबा तिला आणखी गोड उत्तरं द्यायला लागले. मला तर किंचाळावंसं वाटायचं. त्या कॉकपिटवर आम्ही चादर टाकली होती, तिकडे बघावंसंही वाटेना.

पुढे नवरात्र बसलं. त्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी भावाने कंटाळून ती चादर काढली आणि खेळायला बसला. मी बाजूला कपड्यांच्या घड्या घालत होते. पहिलं वळण आलं आणि धाड! भावाची गाडी भिंतीवर. ज्याने ते वळण इतक्यांदा घेतलं होतं, त्याची!

"अरे, ब्रेक लागत नाहीये यार," तो म्हणाला.

माझ्या हातातला शर्ट तसाच राहिला. मी टेबलाखाली शिरले. पेडल ताठ उभं होतं. दोन बोटं खाली नाही, बोटभरसुद्धा नाही. ब्रेक दाबला की पहिली दोन बोटं फुकट जात होती, कारण तेवढं दाबणं मोजू नकोस असं आम्हीच कॉम्प्युटरला सांगितलं होतं. तिथे पोचून पुढे दाबेपर्यंत भिंत येत होती. पण मग हे पेडल आज खाली का उतरत नाही? मी फरशीवर हात टेकून विचार करत होते आणि हाताला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. फरशी गप्प होती. खाली लूम बंद होते.

मी कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई गं! मुंबईहून मावशी आली की तिला आमच्याकडे झोप यायची नाही. पाण्याच्या पेल्यात उठणारी वर्तुळं बघत बसायची बिचारी. आम्ही तर लूमवरच जन्मलो. आम्हाला तो आवाज ऐकू येत नाही आणि ते हादरे जाणवत नाहीत, उलट लूम थांबले की झोपेतून जाग येते. त्या हादऱ्यांनीच ते जड पेडल खाली सरकत होतं, आणि आम्ही दोघं शहाणे स्प्रिंगला नावं ठेवत होतो. शनिवारी सकाळी लूम सुरू झाले तेव्हा आम्ही दोघं फरशीवर पालथे पडून बघत राहिलो. मांजर जिना उतरतं तसं ते पेडल दबकत दबकत दोन बोटं खाली आलं आणि थांबलं.

म्हणजे बाबांचा पाय मागे राहत नव्हता! निदान त्या शुक्रवारी तरी नाही. मला इतका आनंद झाला की मी तशीच त्यांना सांगायला धावले. आईने दारातच माझा दंड धरला. तिने सगळं ऐकलं होतं.

"गप्प बसायचं," ती म्हणाली.

"आई, अगं पण..."

"पण नाही आणि बिण नाही. त्यांनी आपणहून चावी ठेवलीय ना देवापुढे? मग राहू दे तिथेच. परत त्या रस्त्यावर, त्या कंटेनरांच्या मधे... मला नाही सहन होणार गं. दवाखान्यातल्या बाकड्यावर मी कशा रात्री काढल्या ते मला ठाऊक."

"चावीबरोबर पायसुद्धा ठेवलाय त्यांनी देवापुढे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "दिसत नाही का तुला? फेऱ्या बंद, गाळा बंद. दाढी तरी करतात का? अशाने खरंच जाईल तो पाय."

आईचा हात सैल पडला. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मीही रडले. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "जा. सांग. माझं ऐकू नकोस."

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठले, आमच्या खोलीत आले आणि वाकून फरशीला तळहात लावला. खाली लूम धडधडत होते. "लूमवाल्याची पोरं तुमी," म्हणाले, "आनि लूम इसरलात?" मला वाटलं आता चांगलंच झापणार. पण त्यांच्या खांद्यांना गदगदून हसू फुटलं. "आनि मी रं? मी पन इसरलो. मना वाटला पायच गेला!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग लगबगीने जिना उतरून गाळ्यात गेले, कित्येक दिवसांनी, आणि लूमच्या सामानातली एक जाड, दणकट स्प्रिंग घेऊन आले. ती पेडलला लावली. सेटिंग काढून टाकलं. आता लूम चालू असोत की बंद, पेडल जागचं हलत नव्हतं.

खंडेनवमीला पूजेसाठी लूम धुऊन-पुसून बंद ठेवतात. त्या संध्याकाळी बाबा परत त्या सीटवर बसले. आई दारात उभी राहिली, हातात झेंडूची फुलं आणि सुई-दोरा. वळण आलं, भिंत आली. बाबांनी ब्रेक दाबला आणि गाडी भिंतीच्या चांगली अलीकडे थांबली. परत. परत. एकदा तर इतकी अलीकडे की भाऊ म्हणाला, "बाबा, एवढं पण घाबरायचं नाही." बाबांनी मागे वळून आईकडे बघितलं. आई खाली मान घालून फुलं ओवत राहिली.

दसऱ्याच्या सकाळी चावी देव्हाऱ्यातून निघाली. ताडपत्री निघाली. कॉकपिटची सीट उचलून परत व्हॅनमध्ये बसवली, नाहीतर आम्ही बसणार कुठे? बाबांनी डॉक्टरांचं ऐकायचं ठरवलं होतं: आधी मोकळी जागा. सणाच्या दिवशी राहनाळच्या गोदामांची पटांगणं रिकामी असतात, हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं, त्यांना सुचलं. गावाकडून माझा चुलतभाऊ आला, त्याने गाडी तिथवर नेली आणि चावी बाबांच्या हातात देऊन तो बाजूला झाला. बाबा बसले. शेजारी आई, कडेला चिकटून. मागे आम्ही दोघं. बाबांनी पटांगणात फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. थांबले, निघाले, थांबले, निघाले. आई समोर बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"वज्रेश्वरी राहू दे," शेवटी बाबा म्हणाले. "आज घरापरतच जाऊ."

नारपोलीच्या अलीकडे एका गोदामाच्या फाटकातून अचानक एक टेम्पो मागे मागे येत रस्त्यावर आला. न बघता, न हॉर्न देता. मी डोळे मिटून घेतले. व्हॅनला एक झटका बसला, आरशाला घातलेला झेंडूचा हार तुटून काचेवर आपटला, आणि मग काहीच झालं नाही. डोळे उघडले तर टेम्पोचं मागचं फळकं आमच्या काचेसमोर होतं, मधे माणूस उभा राहील एवढं अंतर ठेवून. बाबांचा उजवा पाय ब्रेकवर ताठ होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि सुटकेचा मोठा श्वास सोडला.

आणि आई सुरू झाली. "अहो, डोळे कुठे आहेत तुमचे? हॉर्न तरी द्यायचा ना माणसाने! फाटक दिसलं की आधीच हळू करायचं हे कळत नाही? एवढं वय झालं! आणि हा मेला टेम्पोवाला, याला काय रस्ता आंदण दिलाय? अहो, बघताय काय माझ्याकडे, पुढे बघा, पुढे!" तिचा पट्टा थांबेचना. कित्येक महिन्यांचं साचलेलं होतं ते. मी भावाकडे बघितलं. तो खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होता.

बाबांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते मला आरशात दिसत होतं. त्यांनी गिअर टाकला आणि म्हणाले, "तू चालवतेस का?"

आई तेवढ्यापुरती गप्प बसली. पुढच्या खड्ड्याला परत सुरू झाली.